दुर्बीण घेण्याआधी कॅरोलाइनची गोष्ट ऐका



ग्रहताऱ्यांवरचा आपला कार्यक्रम झाला तेव्हापासून आमच्याकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. कुणी फोनवर विचारलं, कुणी बाजारात गाठून विचारलं. एका मैत्रिणीने तर चिठ्ठीला जाहिरातीचं कात्रणच जोडून पाठवलं. भिशीचा नंबर लागलाय, लेकीला आकाशाचं वेड आहे, खोक्यावर ‘५२५ पट मोठे दिसेल’ असं छापलंय, घेऊ का?

आधी उत्तर देऊन टाकतो: त्या खोक्यावरच्या आकड्यासाठी घेऊ नका. घ्यायचीच असेल तर काय घ्यायचं तेही सांगणार आहोत. पण ते नुसतं सांगितलं तर दुकानदार आणखी गोड बोलेल आणि आमचं बोलणं विसरायला होईल. म्हणून आज एका बाईची हकिगत. अडीचशे वर्षांपूर्वी दुर्बिणीच्या कारखान्यातच तिचं घर होतं, किंवा खरं म्हणजे तिच्या घराचाच कारखाना झाला होता.

तिचं नाव कॅरोलाइन हर्शेल. जन्म १७५० चा, आजच्या जर्मनीतल्या हॅनोव्हर गावचा. वडील पलटणीच्या बँडमध्ये वाजवायचे. दहा वर्षांची असताना तिला टायफसचा ताप आला आणि तिची उंची सव्वाचार फुटांवर थांबली ती कायमची. रूप नाही, हुंडा नाही, तेव्हा तुझं लग्न काही होणार नाही, असं वडिलांनी तिला स्वच्छ सांगितलं होतं. आईने तर ठरवूनच टाकलं होतं की ही घरकामाला राहील. तिचा मोठा भाऊ विल्यम इंग्लंडमधल्या बाथ शहरात संगीतशिक्षक होता. १७७२ साली तो तिला गाणं शिकवायला घेऊन गेला. मात्र त्यासाठी त्याला आईला दरवर्षी पैसे बांधून द्यावे लागले, कॅरोलाइनच्या जागी मोलकरीण ठेवता यावी म्हणून. बाविशीतली मुलगी घराबाहेर पडायची तर तिच्या कामाची अशी भरपाई करावी लागली.

बाथमध्ये ती गाणं शिकली, चांगली गायला लागली, जलशांमधून मुख्य गायिका म्हणून उभीही राहिली. पण तेवढ्यात भावाला आकाशाचा नाद लागला. १७७३ साली विल्यमने आधी एक लहान दुर्बीण भाड्याने आणली. हे लक्षात ठेवा, भाड्याने आणली. ती वापरून पाहिल्यावर मोठी हवीशी वाटली. लंडनच्या कारागिराने सांगितलेली किंमत झेपण्यासारखी नव्हती. मग आपणच करू असं ठरलं. भिंगांच्या लांबलचक दुर्बिणीसाठी पुठ्ठ्याची नळी करायचं काम कॅरोलाइनकडे आलं. वीसेक फुटांची ती नळी आपल्याच वजनाने वाकली, मग पत्र्याची करावी लागली. भिंगाच्या दुर्बिणीची लांबी काही आवरेना, तेव्हा विल्यम आरशाच्या दुर्बिणीकडे वळला.

इथे जरा थांबून ही आरशाची दुर्बीण समजून घेऊ, कारण आज दुकानात तीच पुढे येते. पाऊस पडत असताना अंगणात एक वाटी ठेवली आणि एक परात ठेवली, तर पाणी कशात जास्त साठेल? परातीत. ताऱ्यांचा उजेडही असाच आपल्यावर पडत असतो, अगदी विरळ. आपल्या डोळ्याची बाहुली अंधारात फार तर सहा-सात मिलिमीटर उघडते, म्हणजे ती झाली इवलीशी वाटी. दुर्बिणीचा खोलगट आरसा ही परात. तो उजेड गोळा करतो आणि एका जागी आणतो. तिथे डोळा लावायला जे छोटं भिंग असतं त्याला आयपीस म्हणतात. प्रतिमा किती पट मोठी दिसेल ते या आयपीसवर अवलंबून. आयपीस बदलून पट कितीही वाढवता येतात, परात मात्र तेवढीच राहते. साठलेलं वाटीभर पाणी हंड्यात ओतलं म्हणून वाढत नाही. उजेड तेवढाच, तो पसरवला की चित्र मोठं होतं, अंधुक होतं आणि पुसट होतं. म्हणून दुर्बीण विचारायची ती आरशाच्या किंवा भिंगाच्या रुंदीने, पटींनी नाही. जुना ठोकताळा असा आहे की एका इंच रुंदीला पन्नास पटींच्या वर जाऊन उपयोग नसतो. त्या कात्रणातल्या दुर्बिणीचं भिंग साठ मिलिमीटरचं आहे, म्हणजे जवळपास अडीच इंच. तिचे उपयोगाचे पट झाले फार तर सव्वाशे. उरलेले चारशे पट खोक्यावरच राहणार.

विल्यमच्या काळी आरसे काचेचे नव्हते. तांबं आणि कथील मिसळून ओतलेली पांढुरकी, ठिसूळ धातूची तबकडी घासून घासून तिचा आरसा करायचा. हे घासणं मध्ये थांबवलं तर आकार बिघडतो. एकदा तर विल्यमचे हात सोळा तास आरशावरून निघाले नाहीत. कॅरोलाइन त्याला घास भरवत होती, कंटाळा येऊ नये म्हणून गोष्टी वाचून दाखवत होती. घराची काय दशा झाली ते तिने पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. सजवलेल्या दिवाणखान्यात सुतार नळ्या आणि घोड्या बनवतोय, झोपायच्या खोलीत दुसऱ्या भावाने भलंमोठं लेथ मांडलंय. पाहुणे आले की बसवायचं कुठे, हा प्रश्न तिचा.

१७८१ च्या उन्हाळ्यात तीन फुटी आरसा ओतायचं ठरलं. साचा होता घोड्याच्या लिदीचा. ती लीद खलात कुटून चाळणीने चाळायची, तीही ढिगाने. या कामाला कॅरोलाइनचे हात लागले. शेणाने अंगण सारवलेल्या आपल्यातल्या कितीतरी जणींना त्याचं नवल वाटणार नाही, पण विज्ञानाच्या पुस्तकांत हे पान सहसा नसतं. पहिला आरसा थंड होताना तडकला. दुसऱ्या खेपेला भट्टीच गळली, वितळलेला रस फरशीवर पसरला आणि फरशीचे दगड फटाक्यासारखे उडाले. सगळे जीव घेऊन पळाले.

गंमत अशी, की विल्यमचा जगप्रसिद्ध शोध या मोठ्या आरशाचा नव्हेच. त्याच वर्षी १३ मार्चच्या रात्री त्याने घरामागच्या बागेतून युरेनस ग्रह पाहिला तो सहा इंचांहून जरासा मोठा आरसा असलेल्या दुर्बिणीतून. त्या वेळी लावलेल्या आयपीसने २२७ पट मोठं दिसत होतं. पुन्हा एकदा सांगतो, २२७. नवा ग्रह सापडला तो ५२५ च्या निम्म्याहूनही कमी पटींत, आणि आरसा त्या कात्रणातल्या भिंगाच्या अडीच पट रुंद. आज हौशी लोक सहा इंची काचेची दुर्बीण वापरतात, तिचा आरसा विल्यमच्या धातूच्या आरशापेक्षा कितीतरी जास्त उजेड परत देतो.

या शोधानंतर राजाने विल्यमला वर्षाला दोनशे पौंडांचं मानधन दिलं. १७८२ मध्ये भावंडं बाथ सोडून डॅचेटला गेली. कॅरोलाइनचं गाणं तिथेच संपलं. तिला त्याचं वाईट वाटलं होतं की नाही? वाटलं असणार, असं आमचं मत. नाव होऊ लागलेल्या गायिकेला भाऊ म्हणतो आता तू माझी मदतनीस, आणि तिला कुणी विचारतही नाही.

भावाने तिच्या हाती एक लहान दुर्बीण दिली आणि आकाश ‘झाडायला’ सांगितलं. केर काढावा तसं आकाशाची एकेक पट्टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघत जायचं, नवीन काही दिसलं तर नोंदवायचं. पहिले काही महिने तिला यात गोडी नव्हती. दवाने किंवा बर्फाच्या कणांनी भिजलेलं गवत, एकटीने उभं राहायचं, हाक मारली तर ऐकायला माणूस नाही. रात्री अंगणात एकटं थांबण्याबद्दल आपल्या मैत्रिणी बोलतात तेव्हा आम्हांला तिची आठवण येते. वर्ष संपता संपता तिला त्यात रस वाटू लागला.

१७८३ मध्ये विल्यमने तिच्यासाठी खास एक दुर्बीण केली. आरसा सुमारे चार इंच, नळी आखूड, पट तीसच्या आसपास किंवा त्याहून कमीच. पण एका नजरेत मावणारं आकाश मोठं, चार पूर्ण चंद्र शेजारी शेजारी ठेवले तरी बसतील एवढं. आमच्या मते दुर्बिणींच्या इतिहासातली ही फार शहाणी वस्तू होती, कारण ती वापरणाऱ्या माणसाकडे आणि त्याच्या कामाकडे बघून केलेली होती. सव्वाचार फूट उंचीच्या बाईला ती शिडीशिवाय, गड्याशिवाय, एकटीने फिरवता येत होती.

तरी तिला स्वतःचा वेळ कमीच मिळे. भावाच्या मोठ्या दुर्बिणीची रात्र असली की ती खिडकीशी दिवा लावून बसायची, तो वरून ओरडून सांगेल ते लिहून घ्यायची, घड्याळ बघायची. सकाळी सगळ्या नोंदी स्वच्छ उतरवून हिशेब करायची. १७८३ च्या शेवटच्या रात्री तर बर्फातून धावताना लोखंडी आकडा तिच्या मांडीत घुसला. चिखलाखालून तो दिसलाच नव्हता. आकडा काढताना मांसाचा लचका तिथेच राहिला. तिला चिंता कसली, तर भावाचं काम अडलं याची. ते पुरतं ढगाळ गेलं म्हणून फार बिघडलं नाही, असं तिने स्वतःच नमूद केलंय.

मग १७८६ चा ऑगस्ट आला. राजाने भेट दिलेली दुर्बीण पोचवायला विल्यम जर्मनीला गेला होता. घर तिच्या ताब्यात आणि रात्रही तिची. १ ऑगस्टला तिच्या छोट्या दुर्बिणीत एक धुरकट ठिपका दिसला. आकाशात असे न हलणारे धुरकट ठिपके पुष्कळ असतात, म्हणून एका रात्रीत काही ठरत नाही. दुसऱ्या रात्री पाहिलं तर तो जागेवरून सरकला होता. धूमकेतू! तिने लगेच पत्रं लिहून जाणकारांना कळवलं. १७९७ पर्यंत तिच्या नावावर असे आठ धूमकेतू झाले. आठवा तर तिला आधी नुसत्या डोळ्यांनीच दिसला. तासभर झोप काढून ती घोड्यावर बसली आणि वीस-पंचवीस मैल दौडत ग्रिनिचच्या वेधशाळेत स्वतः सांगायला गेली. तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती.

१७८७ पासून राजाने तिलाही वर्षाला पन्नास पौंड बांधून दिले. मनाप्रमाणे खर्च करायला मोकळे असे आयुष्यातले हे पहिलेच पैसे, असं तिने लिहिलंय. भिशीचे पैसे हाती आलेल्या आमच्या मैत्रिणीला हे वेगळं समजवायला नको.

इकडे विल्यमने राजाच्या खर्चाने चाळीस फुटी दुर्बीण उभारली, आरसा चार फुटी. १७८९ मध्ये ती पूर्ण झाली, खर्च सुमारे चार हजार पौंड. लांबून लोक बघायला यायचे. तिच्यातून शनीचे चंद्र दिसले, हे खरं. पण ती हलवायला माणसं लागत, आरसा लवकर काळवंडे, तयारीत निम्मी रात्र जाई. विल्यम स्वतः वीस फुटीच जास्त वापरत राहिला. शेवटी तो सांगाडा उतरवावा लागला. आजही हौशी लोकांच्या माळ्यावर, पलंगाखाली अशा चाळीस फुटी पडून असतात. हौसेने घेतलेल्या, जड, जोडायला तास लागणाऱ्या.

कॅरोलाइन ९७ वर्षं जगली. तिच्या मृत्यूच्या तीनच महिने आधी, १ ऑक्टोबर १८४७ ला, अमेरिकेतल्या नॅनटकेट बेटावर मारिया मिचेल नावाच्या तरुणीने घराच्या गच्चीवरून धूमकेतू शोधला. तिची दुर्बीण सुमारे तीन इंची. डेन्मार्कच्या राजाने तिला सुवर्णपदक दिलं.

पुढच्या शंभर वर्षांत आरसे काचेचे झाले आणि घरच्या घरी करता येऊ लागले. अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये १९२० साली रसेल पोर्टरने कारखान्यातल्या कामगारांना आरसा घासायला शिकवायला वर्ग काढला. पंधरा पुरुष आणि एक बाई. पण दुर्बीण खरोखर सगळ्यांच्या आवाक्यात आणली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉन डॉबसनने. हा गृहस्थ १९४४ मध्ये रामकृष्ण परंपरेच्या वेदान्त मठात साधू झाला. मठात राहून त्याने जहाजाच्या खिडकीची जाड गोल काच घासून बारा इंची आरसा केला. नळी पुठ्ठ्याची, खालची पेटी प्लायवूडची, फिरवायला सांध्यात टेफ्लॉनचे तुकडे. कॅरोलाइनची पुठ्ठ्याची नळी वाकली होती. बांधकामात खांब ओतायला वापरतात त्या जाड पुठ्ठ्याची ही मात्र टिकली. या उद्योगापायी १९६७ मध्ये त्याला मठ सोडावा लागला. मग तो फुटपाथवर दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून चंद्र दाखवू लागला. तोफेसारख्या बुटक्या पेटीत बसणाऱ्या या दुर्बिणीला आज डॉबसोनियन म्हणतात.

तर आता भिशीच्या पैशाचं बघू.

विल्यमसारखं करा, आधी उसनी पाहा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करतेय, मुंबईत खगोल मंडळ आहे, इतर शहरांतही मंडळं आहेत. त्यांच्या आकाशदर्शनाला एकदा लेकीला घेऊन जा. तिथे पाच-सहा दुर्बिणी असतात. रांगेत उभं राहून प्रत्येकीतून शनी पाहिला की पुस्तकाने कळणार नाही ते कळतं. फोटोतल्यासारखे रंग दिसत नाहीत, हेही तिथेच कळलेलं बरं.

पहिली खरेदी दुर्बिणीची नसावी, बायनॉक्युलरची असावी. दहा गुणिले पन्नास असं लिहिलेलं. दहा पट मोठं दिसतं आणि पन्नास मिलिमीटरचं भिंग डोळ्याच्या पन्नासेक पट उजेड गोळा करतं. कॅरोलाइनच्या कामाची जातकुळी हीच, पट कमी आणि आकाश मोठं. भिंतीला किंवा गच्चीच्या कठड्याला कोपर टेकवलं की गुरूचे चंद्र दिसतात, कृत्तिकांचा पुंजका डोळ्यांत मावत नाही, मृगाच्या तलवारीतला धुरकट तेजोमेघ दिसतो. अष्टमीच्या चंद्रावरची विवरं तर दिसतातच. पौर्णिमेला मात्र चंद्र बघू नका, सावल्या नसल्यामुळे तो सपाट भाकरीसारखा दिसतो. आणि पुढे हौस मावळली तर बायनॉक्युलर पक्षी बघायला, शेतावर उपयोगी पडतं.

वर्षभर ते वापरून झाल्यावर सहा इंची डॉबसोनियन घ्या. उचलून पाहा आणि मगच पैसे द्या. जी मुलीला आणि तुम्हांला कुणाला न बोलावता अंगणात नेता येते तीच तुमची. बारीक काटकुळ्या तीन पायांवर लटपटणारी कोणतीही नको. वाऱ्याने हलली की गुरूसुद्धा पाण्यातल्या दिव्यासारखा नाचतो.

आरसा पदराने पुसू नका. धूळ बसली तरी चालते, ओरखडा चालत नाही. कोकणातल्या मैत्रिणींनी पावसाळ्यात भिंगं डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावीत, नाहीतर बुरशी धरते.

आणि सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवायची नाही. स्वस्त दुर्बिणीबरोबर आयपीसला लावायची काळी काच देतात, ती तापून फुटते आणि डोळा जातो. ती काच आजच फेकून द्या. रंगीत काचांतून उष्णता कशी येते हे पडताळतानाच विल्यमने १८०० साली अवरक्त किरण शोधून काढले होते, इतकी ती गोष्ट खरी आहे.

शेवटी कॅरोलाइनची एक वस्तू तुम्हांला बघायला देतो. २३ सप्टेंबर १७८३ ला तिला दक्षिणेकडच्या शिल्पकार तारकासमूहात एक लांबट, धुरकट डाग सापडला. ती लाखो प्रकाशवर्षं दूरची एक दीर्घिका आहे हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. इंग्लंडमधून तो डाग क्षितिजाच्या जेमतेम वर, धुक्यात. आपल्याकडून मात्र तो चांगला निम्म्या आकाशापर्यंत वर येतो. तिच्यापेक्षा आपल्याला सोपं. नोव्हेंबरच्या मध्यावर, चंद्र नसेल त्या रात्री, नऊच्या सुमाराला दक्षिणेकडे तोंड करा. त्या मोकळ्या भागात एकच ठळक तारा दिसेल, तिमिंगलाच्या शेपटीचा. तिथून चार बोटं खाली, म्हणजे सातेक अंश, बायनॉक्युलर हळूहळू फिरवा. गावाबाहेर, दिव्यांपासून लांब असाल तर काडीसारखी फिकट रेघ दिसेल. सरळ रोखून बघण्यापेक्षा नजर किंचित बाजूला ठेवली तर लवकर दिसते.